दिपूला रडू द्यायचं नाही

माझ्या नातवाची बेंबी फुगलेली आहे. दीड महिन्याचं पोर. रडलं की बेंबी लिंबाएवढी वर येते, दूध प्यायला लागलं की खाली बसते. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं आहे, घाबरू नका, बहुतेक मुलांचं आपोआप भरून येतं. सून शहाणी, ती घाबरली नाही. मी घाबरले. परवा त्यानं पाळण्यात टाहो फोडला आणि माझा हात आपसूक माझ्या गालावर गेला. सुनेनं विचारलं, "आई, दाढ दुखते का?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं सांगायचं तर तासभर बसावं लागलं असतं, आणि तान्ह्या बाळाची आई तासभर कुठून आणणार? म्हणून लिहून काढते आहे. तिनं वाचावं, आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनीही वाचावं. हर्नियाचं काय ते डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते घरातल्या माणसांचं.

बेंबी मिटेना

माझा भाऊ दिपू जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. नाशिकरोडला सिन्नर फाट्याजवळच्या एका चाळीत आमची खोली होती. एकच खोली, पुढे ओटा. आबा, म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या कामावर होते. सायकलवरून घरी यायचे तेव्हा डोळे तेवढे ओळखू यायचे. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. घरात चौथं माणूस आक्का, आबांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकली म्हणून सटाण्याहून आमच्याकडे आली, आणि आली ती हुकूम चालवतच आली. आबा तिच्यापुढे मान वर करत नसत. आईचा तर प्रश्नच नव्हता.

माझ्या पाठीवरची दोन मुलं गेली होती. त्यानंतर दिपू. त्याची नाळ पडली पण बेंबी काही मिटेना. रडला की टम्म फुगायची, आत काहीतरी हलल्यासारखं दिसायचं. आक्कानं त्याच दिवशी गुन्हेगार शोधून काढले. पहिली आई, कारण तिनं पोटुशी असताना भरलेला हंडा उचलला होता. दुसरी मी, कारण मी आईच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचे. मग बेंबीवर नाणं ठेवून पट्टा बांधायचा प्रकार झाला. तो सगळेच करतात. त्यानं दिपूच्या पोटावर लालभडक चट्टे उठले, बाकी काही झालं नाही.

चट्टे चिघळले तेव्हा आईनं त्याला दवाखान्यात नेलं. पिशवी धरायला मी बरोबर होते. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी बोटानं बेंबी हलकेच दाबली, ती गुडगुड करत आत गेली.

"हा हर्निया. बेंबीखालची भिंत अजून मिटलेली नाही," ते म्हणाले. "रडला, खोकला, जोर केला की आतडं वर येणार. शांत झाला की खाली जाणार. त्यात काही नाही. चार-पाच वर्षं वाट बघू, नाही भरलं तर छोटं ऑपरेशन. फक्त एक ध्यानात ठेवा. कधी ही बेंबी दगडासारखी कडक झाली, आत जाईना, आणि उलट्या व्हायला लागल्या, तर हातातलं काम टाकून निघा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, तू ताई ना याची? मग तूही ऐकून ठेव. कडक झाली, आत जाईना, उलटी."

मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. मला कुणी मोठ्या माणसानं काही सांगून ठेवायची ती पहिलीच वेळ होती.

आक्काचा कायदा

घरी आल्यावर आक्कानं विचारलं, "काय म्हनना डॉक्टर?"

आई म्हणाली, "रडला की आतडं वर येतं म्हणे."

झालं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. आक्कानं निकाल दिला. "पोऱ्या रडना का आतडं बाहेर येस. मंग त्याले रडू देवानंच नही."

तुम्हाला यात काही चूक दिसते का? आम्हाला दिसली नव्हती. रडल्यावर फुगते हे तर डोळ्यांनी दिसत होतं. न रडेल तेवढं बरं, हे कुणालाही पटावं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच कायदा राहिला. दिपूला रडू द्यायचं नाही.

आईनं कायदा मोडला तर काय, हेही आक्कानं सांगून टाकलं होतं. चुलीशी बसून, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "हाऊ बी गया ना, तर मना भाऊले दुसरी करी दिसू." म्हणजे हाही गेला तर भावाला दुसरी बायको करून देणार. आई तेव्हा तेविशीची असेल. तिच्या हातातलं भाकरीचं पीठ बराच वेळ तसंच राहिलं.

हे मी आईची बाजू मांडायला सांगत नाही. मी आईला माफ केलेलं नाही. पण भीती कुठून सुरू झाली आणि कुणाच्या गालावर येऊन थांबली, हे सुनेला कळलं पाहिजे.

माझी नोकरी

आईचे हात विड्यांत. आक्काचे गुडघे दुखायचे. आबा पाळीवर. राहिले कोण? मी. दिपूला कडेवर घ्यायचं, खेळवायचं, आणि रडू द्यायचं नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर ते गुटगुटीत पोर, मी कायम एका बाजूला वाकलेली. आजही माझा डावा खांदा खाली आहे. साडी नेसताना दिसतं.

लहान मूल रडणारच. दात येताना रडेल, झोप आली तर रडेल, काही कारण नसताना रडेल. पण आमच्याकडे कारण ठरलेलं असायचं. दिपूनं तोंड उघडलं की आईचा आवाज यायचा, "शके! काय केलंस गं त्याला?" आणि उत्तराच्या आधी हात यायचा. तिच्या हाताला तंबाखूचा वास असायचा. थप्पड बसली की तो वास गालाला चिकटून राहायचा, नाक चुरचुरायचं आणि शिंका यायच्या. शिंकांनी दिपू दचकला तर दुसरी.

आबांनी मला कधी बोट लावलं नाही. ते नुसतं विचारायचे, "का रडतोय तो?" एवढ्यानं भागायचं. लोक त्यांना गरीब स्वभावाचे म्हणत.

आणि मला रडायची बंदी होती. कारण मी रडले की दिपू रडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो लोकांना म्हण म्हणून माहीत असतो. मला आईचा तळवा तोंडावर दाबलेला आठवतो, आणि तिची कुजबुज, "गप. गप गं भवाने. त्याचं आतडं निघंल."

शाळेत होते मी तिसरीत. मी निघाले की दिपू रडायचा, म्हणून त्याला घेऊन जायचं ठरलं. तो घंटेला घाबरून रडला. बाईंनी दोन दिवस चालवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना घरी पाठवलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरीची जात हाय, शाळा काय पळून जाती का?" माझ्या पाटीवर मग दिपू शेंगा फोडायचा.

कानामागून आला

दिपू दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला सगळं समजलं होतं. नुसतं तोंड वाकडं करायचं आणि बोट दाखवायचं. बोट वस्तूकडे दाखवलं तर वस्तू मिळायची, माझ्याकडे दाखवलं तर मला थप्पड मिळायची. माझी एक लाकडी बाहुली होती. गोदाघाटावरच्या दुकानातून आबांनी आणलेली, माझ्या आयुष्यातली एकुलती एक. दिपूला ती हवी झाली. मी धरून ठेवली. त्यानं ओठ काढले. आईनं बाहुली माझ्या हातातून ओढून त्याला दिली, त्यानं ती थोडा वेळ चोखली आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकली. मी जाळात हात घालणार होते, तर आक्का म्हणाली, "जळू दे वं, पोऱ्या हसी ऱ्हायना ना!"

खरंच, तो हसत होता.

मी त्याचा द्वेष करत होते, हे स्पष्ट लिहिते. रात्रंदिवस. चाळीतली पोरं त्याला बेंबट्या म्हणायची, सदरा वर करून बघायची, आणि मी त्यांना दगड मारून पळवायचे, तरीही. दोन्ही एकाच वेळी होत होतं. ज्यांच्या घरात आजारी मूल आहे त्यांनी आपल्या धडधाकट मुलाला याबद्दल विचारून बघावं. खरं उत्तर मिळेल असं नाही.

कांदे

शेजारच्या खोलीत एक मुसलमान बाई राहायची, आम्ही मुलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. तिचा नवरा रिक्षा चालवायचा. माहेर मालेगावचं. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून आक्का तिची सावली दिपूवर पडू देत नसे. मला मात्र ती केव्हाही हाक मारायची.

"शकू, इधर आ गं. कांदे चिरून दे ना मला."

मी जायचे. पहिल्या वेळी विळीवर बसले, दोन कांदे चिरले आणि डोळ्यांतून जे सुरू झालं ते थांबेना. खाला माझ्याकडे पाठ करून भांडी लावत बसली. माझं संपल्यावर तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लय तिखट हाय कांदा, नाही?" दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. दोन माणसांच्या घरात एवढे कांदे कशाला लागतात, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही फार उशिरा आलं.

हनुवटी

दिपू साडेतीन-चार वर्षांचा असतानाची गोष्ट. ओट्यावरून पाय घसरला आणि तो फरशीवर तोंडावर आपटला. हनुवटी फुटली. मी धावले. त्यानं श्वास आत ओढला, तोंड भलंमोठं उघडलं. आतून आईचा आवाज आला, "काय पडलं गं?"

दिपूनं दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि तोंड मिटलं.

आई बाहेर आली तेव्हा तो माझ्या मांडीवर बसला होता. सदरा रक्तानं भिजलेला, डोळे पाण्यानं डबडबलेले, आणि आवाज नाही. त्याचा एक हात वर आला होता. चिमुकला तळवा माझ्या गालावर पसरून दाबून धरला होता, ज्या गालावर आईचा हात पडायचा त्याच गालावर.

आईनं त्या दिवशी मारलं नाही. रडला नव्हता, मग कशाला मारील? तिनं हळद दाबली आणि आक्काला म्हणाली, "शहाणं झालं माझं लेकरू. हूं की चूं केलं नाय."

त्यानंतर दिपू रडला नाही. ताप आला, विंचू चावता चावता राहिला, कुत्रं अंगावर आलं, नाही. रडू आलं की तो मला शोधायचा आणि माझा गाल धरायचा. घरात आनंदीआनंद. बेंबी दिसेनाशी झाली असं सगळ्यांना वाटायला लागलं. आक्कानं सप्तशृंगीला नारळ दिला. मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझी बाजू घेणारं त्या घरात एकच माणूस निघालं होतं, आणि तो चार वर्षांचा होता.

आणि माझा द्वेष कुठे गेला ते मला कळलं नाही. तोंडातल्या फोडासारखा, एक दिवस जीभ फिरवली तर नव्हता.

त्या दिवशी

थंडीचे दिवस होते. आईला त्या दिवशी विड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या आणि गठ्ठे बांधायचे राहिले होते. तिची सकाळपासून धावपळ. दिपूनं भाकरी खाल्ली नाही. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला. मी शेजारी जाऊन बसले तर त्यानं माझा गाल धरला. नेहमी क्षणभर धरायचा आणि सोडायचा. आज सोडेना. हात गार होता.

मी त्याचा सदरा वर केला. बेंबी वर आली होती. मी नेहमीसारखी बोटानं दाबली. ती गेली नाही. सुपारीसारखी कडक लागली, आणि दिपूनं दात असे आवळले की मला आवाज ऐकू आला.

मी आईकडे गेले. "आई, दिपूला दुखतंय."

"रडला का?"

"नाही."

"मंग?"

"बेंबी कडक झालीय. आत जाईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडक झाली, आत जाईना..."

"चार वर्षांमागलं तुला काय आठवतंय? तेव्हा तू एवढीशी. सर, मला गठ्ठे बांधू दे."

आक्कानं त्याला ओवा चावायला दिला. थोड्या वेळात त्याला उलटी झाली. हिरवी-पिवळी. आक्का म्हणाली, ओवा बाधला. आई म्हणाली, "लय दुखत असतं तर रडला नसता का?" आणि दोरा तोडायला खाली वाकली. तिचं म्हणणं बरोबरच होतं. दुखलं की मूल रडतं. कुठल्याही घरात रडतं.

मी परत दिपूजवळ गेले. "दिपू, रड," मी म्हणाले. "मोठ्यानं रड."

त्यानं मान हलवली.

"अरे रड ना! त्याशिवाय त्यांना कळायचं नाही."

"आई मारील," तो म्हणाला.

"मला मारील ना? मारू दे."

"नको," तो म्हणाला, आणि दुसराही हात माझ्या दुसऱ्या गालावर ठेवला.

मी त्याचे हात सोडवले, ओट्यावर गेले, आणि रडले. चार वर्षांचं एकदम. मला वाटत होतं आपण मोठ्यानं रडायचं विसरलो असू, पण गळा विसरत नाही. सगळी चाळ बाहेर आली. आई धावत आली आणि तिनं मारायला सुरुवात केली. एक, दुसरी, तिसरी. "गप बस! गप! तो रडंल!" मी गप बसले नाही. जितकी मारत होती तितकी मोठ्यानं ओरडत होते.

खाला पिठाचे हात घेऊन आली. तिनं आईचा हात हवेतच धरला. "क्या हुआ गं शकू?"

"दिपूची बेंबी. कडक."

आक्का उंबऱ्यात आडवी आली, पण खाला तिला बाजूला सारून आत गेली. तिनं सदरा वर केला. बेंबी जांभळट लाल झाली होती, पोट ताणलेलं. दिपू तिच्याकडे मोठ्या डोळ्यांनी बघत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंड घट्ट बंद होतं.

"या अल्ला," खाला म्हणाली. "अगं बाई, बघ तरी. हे पोरगं मरायला लागलंय."

आईनं बघितलं, आणि विड्यांच्या गठ्ठ्यांवर पाय देत ती दिपूकडे धावली.

दवाखाना

खालाच्या नवऱ्याच्या रिक्षातून आम्ही नाशिकच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मला न्यायचं नव्हतं, पण दिपू माझा गाल सोडेना म्हणून नेलं. आईच्या मांडीवर तो, तिच्या पायाशी मी, आणि त्याचा हात वरून माझ्यावर. द्वारका चौक येईपर्यंत आणखी एक उलटी झाली. आई एकच वाक्य म्हणत होती, "रडला नाय हो, रडलाच नाय."

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात लावला आणि लगेच माणसांना हाका मारल्या.

"केव्हापासून आहे?"

आई म्हणाली, "आत्ताच."

मी म्हणाले, "सकाळपासून."

"आतडं अडकलंय. चार वर्षांचं मूल सकाळपासून हे सहन करतंय आणि रडलं नाही?" डॉक्टर दिपूवर वाकले. "काय रे बाळा, दुखत नव्हतं?"

दिपूनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मान हलवली. दुखत नव्हतं.

त्याला आत नेलं तेव्हा त्याचे हात माझ्या गालावरून सिस्टरला एकेक बोट सोडवून काढावे लागले.

बाहेरच्या बाकावर आई बसली होती. सिस्टरनं तिला उलटीचे हात धुवायला लावले होते. आई नळावर गेली, लाल साबणानं धुऊन आली, बसली, परत गेली, परत धुतले. हात पांढरे फटक पडले. आबा पाळीवरून तसेच आले, कोळशानं माखलेले, तर शिपायानं आत सोडलं नाही. ते नळाखाली कपड्यांसकट बसले आणि थंडीत ओलेते येऊन उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, "रडला होता का?" मी उत्तर दिलं नाही. वडिलांना उत्तर न देण्याची ती माझी पहिली वेळ. शेजारच्या बाकावर इगतपुरीकडची एक म्हातारी होती, तिनं फडक्यातून भाताची मूठ काढून माझ्या हातावर ठेवली, काही न विचारता. ते खाताना मला कळलं की मी कालपासून जेवले नव्हते.

डॉक्टर बाहेर आले. आतडं काळं पडायच्या बेतात होतं, पण वाचलं. बेंबीही शिवून टाकली होती. आईनं त्यांचे पाय धरले. ते मागे सरले.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर हाताशी काही लागलं नसतं. अहो, त्याला रडू का देत नव्हता तुम्ही?"

आई म्हणाली, "रडला की फुगायची..."

"फुगू द्यायची. रडण्यानं काही होत नव्हतं, बाई. मूल रडतं ती आपल्याला कळायची सोय असते. हा रडला असता तर तुम्हाला सकाळीच कळलं असतं."

आईनं ऐकलं. मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, तिला समजलं.

वॉर्डात

दिपूला लोखंडी खाटेवर आणून ठेवलं. पोटाला पट्ट्या, हाताला सलाईन, तो हात फळीला बांधलेला. त्याच बाजूला आई उभी, शेजारी मी. बराच वेळ तो नुसता कण्हत होता. मग त्याची मान हलली, डोळे अर्धवट उघडले, आणि तोंड उघडलं.

तो रडला. भुलीतून बाहेर येताना माणूस कायदे विसरतो. गळा मोकळा सोडून, चार वर्षांच्या पोरानं रडावं तसा रडला. मला इतकं बरं वाटलं! मी आईकडे वळून हसले.

आणि आईचा हात माझ्या गालावर बसला.

ती थप्पड मला बाकी सगळ्यांपेक्षा नीट आठवते, कारण तिला तंबाखूचा वास नव्हता. साबणाचा होता.

सिस्टर धावत आली. "अहो आई! रडू द्या त्याला. आता त्याला काही होत नाही. रडतोय ते चांगलं आहे." आई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, हात कुणा दुसऱ्याचा असावा असं. मी म्हणाले, "दिपू, रड तू. रड." पण त्यानं बघितलं होतं. बांधलेला हात त्यानं उचलायचा प्रयत्न केला, फळी हलली, हात काही माझ्यापर्यंत पोचेना. मग त्यानं तोंड मिटून घेतलं.

पुढे

टाके निघाले, जखम भरली. पोटावर एक वाकडी रेघ राहिली. आक्कानं श्रेय सप्तशृंगीला दिलं. मी शाळेत परत गेले, माझ्याहून लहान मुलींच्या बाकावर. आईनं मला नंतर कधी मारलं नाही. मारायचं कारणच उरलं नाही, दिपू रडत नव्हता.

सूनबाई, तुझ्या बाळाची बेंबी भरून येईल. नाही आली तर आता ऑपरेशन सोपं आहे. कडक झाली, आत जाईना, उलटी, एवढं पाठ कर. बाकी त्याला रडू दे. मी कधी "गप्प कर त्याला" म्हणाले तर माझं ऐकू नकोस. आणि पुढेमागे दुसरं झालं तर त्यालाही रडू दे.

आई गेली त्याला काही वर्षं झाली. शेवटचं वर्ष ती अंथरुणातच होती, तिचं सगळं मीच केलं. त्या मारण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही. दिपूनं तिला अग्नी दिला आणि बाकीच्यांबरोबर घरी परत आला. बायका रडत होत्या, आबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. दिपू माझ्या शेजारी येऊन बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, केस पिकायला लागलेले, डोळे काठोकाठ भरलेले. त्यानं हात उचलला आणि माझ्या गालावर ठेवला.

"अरे, आता तरी रड," मी म्हणाले. "आता कोण मारणार आहे?"

त्यानं मान हलवली. लोक जेवायला बसेपर्यंत त्यानं हात काढला नाही.